पेरूची परीक्षा

मधली सुट्टी झाली की शाळेच्या फाटकाशी पेरूची टोपली घेऊन बसलेल्या बाईंभोवती तुमचा घोळका जमतो. बाई पेरूला चार चिरा देऊन आत तिखटमीठ भरतात आणि तुम्ही तो चवीने खाता. घरी मात्र ऐकावे लागते, "पेरू खाऊ नकोस, सर्दी होईल!" वास्तविक सर्दी होते ती विषाणूंमुळे, पेरूमुळे नव्हे. तरीही आजारी माणसाला भेटायला जाताना आपण सफरचंदे नेतो, पेरू सहसा नेत नाही. हा मान पेरूलाही मिळावा का, याची आज परीक्षाच घेऊ या.

पेरूचे शास्त्रीय नाव सिडियम ग्वाजावा. जांभूळ, लवंग आणि निलगिरी ही झाडे त्याच्याच कुळातली. त्याचे मूळ घर अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात. पोर्तुगीजांनी तो भारतात आणला असे मानतात. येथे तो चांगलाच रुजला. 'लखनौ 49' किंवा 'सरदार' ही प्रसिद्ध जात तर पुण्याच्या गणेशखिंड येथे निवडण्यात आली. नाव लखनौचे, जन्म मात्र पुण्याचा!

आता आकडे पाहू. 100 ग्रॅम पेरूत सुमारे 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. तेवढ्याच संत्र्यात ते सुमारे 50, तर सफरचंदात जेमतेम 5 मिलिग्रॅम असते. 2020 च्या भारतीय शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला रोज 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. म्हणजे एक मध्यम पेरू पुरेसा झाला. शिवाय 100 ग्रॅम पेरूतून सुमारे 5 ग्रॅम तंतुमय पदार्थ मिळतात; त्यांमुळे पोट साफ राहते.

क जीवनसत्त्वाचे आणखी एक काम महत्त्वाचे आहे. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतील लोह आतड्यात सहजी शोषले जात नाही. क जीवनसत्त्व त्याचे रूप बदलून ते शोषले जाण्याजोगे करते. रक्तक्षय आपल्याकडे, विशेषतः मुलींमध्ये, फार आढळतो. म्हणून जेवणाबरोबर पेरूच्या चार फोडी खाव्यात. साल काढू नये, नीट धुवावी. कारण सालीत व तिच्या लगतच्या गरात हे जीवनसत्त्व अधिक असते.

केवळ माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका. शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोग करून पाहा. भाताची पेज गाळून तिच्यात भरपूर पाणी घाला आणि आयोडीनच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. पाणी निळे होईल. हे पाणी दोन काचेच्या पेल्यांत सारखे घ्या. पेरू आणि सफरचंद यांच्या समान वजनाच्या फोडी समान पाण्यात वेगवेगळ्या वाटून गाळून घ्या. एका पेल्यात पेरूचा आणि दुसऱ्यात सफरचंदाचा रस थेंबाथेंबाने टाका व निळा रंग जाईपर्यंतचे थेंब मोजा. क जीवनसत्त्व आयोडीनचे आयोडाइडमध्ये रूपांतर करते, म्हणून रंग जातो. जितके थेंब कमी, तितके जीवनसत्त्व जास्त. रसातील इतर काही द्रव्येही थोडाफार रंग घालवतात, त्यामुळे हे मोजमाप ढोबळच समजावे. प्रयोगातील पाणी पिऊ नये.

पेरूची पानेही उपयोगी आहेत. खेड्यांत हिरड्या दुखू लागल्या की कोवळी पाने चघळतात आणि जुलाबांवर पानांचा काढा देतात. पानांतील टॅनिने प्रथिनांशी संयोग पावतात. पान चघळताना तोंड तुरट होते ते यामुळेच. मेक्सिकोतील एका चाचणीचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. तीत पानांपासून केलेल्या औषधाने जुलाबाच्या रुग्णांच्या पोटातील कळा लवकर थांबल्याचे आढळले.

परंतु एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जुलाबात जिवाला धोका असतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. ते काढ्याने भरून निघत नाहीत. त्यासाठी 1 लिटर स्वच्छ पाण्यात लहान चमच्याने साखरेचे 6 व मिठाचा अर्धा सपाट चमचा घालून ते पाणी वारंवार पाजावे. लहान मूल मलूल झाले, त्याचे डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडले, तर काढा करीत न बसता डॉक्टरांकडे न्यावे.

तेव्हा परीक्षेचा निकाल असा: फळ पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण, पानांना उत्तेजनार्थ बक्षीस. पुढच्या वेळी आजाऱ्याला भेटायला जाताना, पथ्याची अडचण नसेल तर, पिशवीत दोन पेरू अवश्य ठेवा!