चिलखत आतून पाहावं

जुनं युरोपीय पोलादी चिलखत विक्रीला मांडलेलं असलं, की नजर त्याच्या चकाकीवर खिळते. पण या वस्तूंविषयीचे आपले बरेच समज सिनेमांनी आणि कादंबऱ्यांनी घडवलेले आहेत. ते आधी तपासून घेतलेले बरे.

गैरसमज : चिलखत इतकं जड, की योद्ध्याला यारीने उचलून घोड्यावर बसवत.
वस्तुस्थिती : पंधराव्या-सोळाव्या शतकातलं लढाईचं पूर्ण चिलखत साधारण 15 ते 25 किलोंचं असे आणि त्याचा भार अंगभर वाटलेला असे. फ्रेंच सेनानी बूसिको (मृत्यू 1421) चिलखत घालून कोलांटी मारी, अशी नोंद त्याच्या चरित्रात आहे. यारीचं चित्र 1944 च्या 'हेन्री पाचवा' या चित्रपटामुळे लोकांच्या मनात ठसलं. फार जड चिलखतं होती ती भाल्यांच्या खेळासाठी. त्यांत चालायचं नव्हतंच.

गैरसमज : डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण संच म्हणजे एकाच योद्ध्याचं चिलखत.
वस्तुस्थिती : असे अखंड संच अतिशय दुर्मीळ आहेत. एकोणिसाव्या शतकात चिलखतं जमवण्याचं वेड पसरलं. 1839 साली स्कॉटलंडमध्ये एग्लिंटन इथे मध्ययुगीन धाटणीचे सामनेही भरवले गेले. त्या काळात एकाचं शिरस्त्राण, दुसऱ्याचे हातमोजे आणि नव्याने घडवलेले पाय जोडून कितीतरी संच 'पूर्ण' केले गेले.

गैरसमज : गंज आणि पोचे म्हणजे जुनेपणाचा पुरावा.
वस्तुस्थिती : गंज आम्लाने चढवता येतो, पोचा हातोडीने पाडता येतो. खरी साक्ष आतल्या बाजूला मिळते. हाताने ठोकलेल्या पत्र्याची जाडी जागोजागी बदलते; छातीच्या मध्यावर तो जाड, तर कडेला पातळ असतो. आत हातोडीचे घाव दिसतात, कधी धातूत अडकलेली मळीही दिसते. सगळीकडे सारख्या जाडीचा पत्रा असेल, तर तो यंत्रावर लाटलेला असल्याची शंका घ्यावी.

गैरसमज : शिक्का आहे, म्हणजे वस्तू अस्सल.
वस्तुस्थिती : ऑग्सबर्गच्या चिलखतांवर पाइनच्या फळाचा शिक्का मारत, पण शिक्क्याचीही नक्कल होते. नामवंत हातांना मोल मोठं असतं. मिलानच्या नेग्रोलींनी फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्रीसाठी घडवलेलं म्हणून ओळखलेलं चिलखत 1983 साली लंडनच्या लिलावात 19 लाख 25 हजार पौंडांना गेलं. दुसरीकडे, म्युनिकच्या अर्न्स्ट श्मिट यांच्या प्रतिकृती इतक्या कसबी आहेत, की जाणकारालाही थांबून पाहावं लागतं.

गैरसमज : घासून लखलखीत केलं, की किंमत वाढते.
वस्तुस्थिती : कित्येक चिलखतं मुळात काळ्या रंगाने रंगवलेली किंवा तापवून निळसर केलेली होती. घासण्याने तो थर कायमचा जातो आणि कारागिराच्या हाताच्या खुणाही पुसल्या जातात.

म्हणून विक्रेत्याला आधी दोन गोष्टी विचाराव्यात : आतल्या बाजूचं छायाचित्र आहे का, आणि कोणता भाग नंतर बसवलेला आहे? दोन्हींची सरळ उत्तरं मिळाली, तर एकटा गंजका हातमोजासुद्धा चकचकीत बनावट संचापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.