डोक्यावरचा तवा: माळवद, स्लॅब, पत्रा आणि रात्रीची झोप

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

एप्रिल-मे महिन्यात रात्री साडेनऊ-दहाला वरच्या मजल्यावरच्या खोलीत झोपायचा प्रयत्न केलाय कधी? बाहेर थोडं वारं सुटलेलं असतं, आणि खोलीत पंखा सुरू केला की वरून गरम झोत येतो. आई म्हणते, "सूर्य मावळला तरी घर का तापायलंय?" आजचा भाग या एका प्रश्नावर आहे.

यूट्यूबवर घर थंड करायचे व्हिडिओ शोधले की बहुतेक अमेरिकेतले निघतात. उतरत्या छपराखालच्या पोकळीत गुलाबी कापसासारखं काहीतरी अंथरतात. आपल्याकडे ती पोकळीच नाही. नांदेड-लातूरमध्ये डोक्यावर एक तर चार-पाच इंचाचा सपाट स्लॅब असतो, नाहीतर पत्रा. म्हणून ते व्हिडिओ बाजूला ठेवा, आपण आपल्या छतापासून सुरुवात करू.

पण त्याआधी आपल्या आज्या-पणज्यांचं छत. मराठवाड्यात त्याला माळवद म्हणतात. दगडाच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर मातीचा थर. पावसाळ्याच्या तोंडावर गळती थांबवायला नवी माती टाकायची, ती धोपटून बसवायची. दरवर्षी थोडी थोडी करत हा थर दीड-दोन फुटांपर्यंत जायचा. माळवदाखाली भर दुपारी जो गारवा असायचा, तो ज्यांनी अनुभवलाय त्यांना वेगळं सांगायला नको. घरातली म्हातारी माणसं अजून म्हणतात, "तुमच्या एसीला त्याची सर नाही."

मग माळवद सोडलं का? याचं उत्तर लातूर-धाराशिवच्या कुणालाही ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या जरा आधी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून गाढ झोपलेले. किल्लारीचा भूकंप आदल्या-नंतरच्या कित्येक भूकंपांपेक्षा रिश्टरवर लहान होता, सहाच्या थोडा पुढे. पण हजारो माणसं गेली, कारण मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं.

मी इंजिनिअर आहे, सॉफ्टवेअरचा असलो तरी आकडा मांडल्याशिवाय मला गोष्ट कळत नाही. अर्धा मीटर मातीचा थर धरा, एका घनमीटर मातीचं वजन साधारण १६०० किलो. म्हणजे एका चौरस मीटरवर ८०० किलो. दहा बाय दहाच्या खोलीवर सात टनांच्या पुढे! भरलेला ट्रक डोक्यावर उभा करून झोपण्यासारखं. जिथे लाकडी खांबांच्या खणांनी छत उचलून धरलेलं होतं, तिथली काही घरं भिंती पडूनही उभी राहिली. जिथे तुळया थेट भिंतीवर टेकल्या होत्या, तिथे काहीच उरलं नाही.

पुढे ५२ गावं नव्या जागी वसली. २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं आली, स्लॅबची. त्याच्या आधीचे कित्येक महिने लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये काढले. उभ्या राहिलेल्या जुन्या घरांसाठी सल्ला होता की भिंती बांधून घ्या आणि छतावरची माती कमी करा. ते बरोबरच होतं. पण जीव वाचवणारं ते हलकं छत उन्हाळ्यात भट्टी झालं, आणि त्याबद्दल पुढची तीस वर्षं कुणी फारसं बोललं नाही. जे गेले त्यांच्यासमोर "घर गरम होतं" ही तक्रार करायलाच लाज वाटावी, असं काहीतरी असावं.

आता आजच्या भागातला कळीचा मुद्दा. आपल्या डोक्यात "जाड आणि जड म्हणजे थंड" हे पक्कं बसलंय. ते अर्धंच खरं आहे.

छत दोन वेगळी कामं करतं. एक, उष्णता अडवणं. दुसरं, उष्णता साठवून उशिरा सोडणं. माती दोन्ही करायची. दुपारी दोनची उष्णता दीड-दोन फूट मातीतून खाली यायला कितीतरी तास लागायचे, तोवर पहाट. काँक्रीट मात्र उष्णता अडवत जवळपास नाहीच, ते फक्त साठवतं. पाच इंचाच्या स्लॅबला तीन-चार तासांचा उशीर लागतो. दुपारी तीन-चारचा तडाखा संध्याकाळी सात-आठला आत पोचतो, आणि दिवसभर भरलेला स्लॅब पुढे मध्यरात्रीपर्यंत खाली ओकत राहतो. आईच्या प्रश्नाचं उत्तर हे. पंखा छताजवळची तीच हवा खाली ढकलतो.

थर्माकोल याच्या उलट. त्यात साठवण्याची ताकद शून्य, पण अडवण्यात काँक्रीटपेक्षा चाळीसेक पट चांगला. दोन इंच थर्माकोल उष्णता अडवण्यात दोन फूट मातीच्या बरोबरीचा किंवा थोडा सरसच. वजन? चौरस मीटरला एक किलो. ८०० किलो कुठे आणि एक किलो कुठे! माळवदाचा गारवा हवा असेल तर माळवदाचं ओझं घ्यावं लागत नाही, हे मला स्वतःला हिशेब करेपर्यंत पटलं नव्हतं.

ढोबळ गणित बघा. मे महिन्यात काळपट स्लॅबचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जातो. खोली ३३ अंश धरा. दहा बाय बाराच्या खोलीत छतातून साधारण एक हजार वॅट उष्णता आत येते. म्हणजे डोक्यावर एक किलोवॅटचा हीटर सुरू, आणि त्याच खोलीत आपण कूलर लावतो. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर फेकतो, त्यातला चांगला हिस्सा नुसता छताशी भांडण्यात जातो. याच स्लॅबवर दोन इंच थर्माकोल किंवा फोमची शीट आली की हजाराचे दीड-दोनशे वॅट होतात.

सरकारी नियमसुद्धा आहे बरं का. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' काढली. घराच्या छतातून उष्णता किती जावी याची मर्यादा त्यात आहे: १ चौरस मीटरमधून, १ अंश फरकाला, १.२ वॅट. आपला उघडा स्लॅब याच्या तिप्पट जाऊ देतो.

बरं, करायचं काय?

सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे पांढरा रंग. भर दुपारी ऊन एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ओततं. जुना स्लॅब त्यातलं साठ-सत्तर टक्के पिऊन टाकतो, स्वच्छ पांढरा थर तेवढंच परत फेकतो. पृष्ठभाग १५-२० अंशांनी थंड राहतो, खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. अहमदाबादने गरीब वस्त्यांत हे केलंय. आणि आपल्या शेजारच्या तेलंगणाने (नांदेडहून देगलूर-बिलोली ओलांडलं की तेलंगणाच) २०२३ मध्ये 'कूल रूफ' धोरणच जाहीर केलं.

चुना मारायचा तर नीट मारा. गच्ची तारेच्या ब्रशने घासून धुवायची, शेवाळ राहू द्यायचं नाही. चुना रात्रभर भिजवून गाळून घ्यायचा, त्यात फेविकॉलसारखं काहीतरी चिकट टाकायचं, गच्ची ओलसर असताना सकाळी लवकर दोन हात. चष्मा घाला, चुना डोळ्यात गेला तर खेळ नाही. घरातला उरलेला डिस्टेंपर मारू नका, पहिल्या पावसात वाहून जातो. चुनाही फार टिकत नाही, धुळीने मळतो, म्हणून दर होळी-पाडव्याला परत. बाजारातला छताचा खास पांढरा लवचिक रंग काही वर्षं टिकतो, बारीक गळतीही थांबवतो, पण महाग पडतो.

दुसरा उपाय खरा इन्सुलेशनचा: स्लॅबवर थर्माकोल किंवा फोमची शीट, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि पातळ कोबा. थर वरून बसवला की स्लॅब थंड राहतो, म्हणून नवीन घर बांधत असाल तर हे वरूनच करा. मिस्त्री म्हणेल, "चार-सहा इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा टाकू, गार राहील." थोडा राहीलही. पण चौरस मीटरला दीड-दोनशे किलो वाढतात. जुन्या घरावर, त्यातही किल्लारीच्या पट्ट्यात, इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हे करू नका. आपण एकदा छतावर वर्षानुवर्षं वजन वाढवत नेण्याची किंमत मोजलीय.

गच्चीवर पाणी शिंपडणं? काम करतं, नाही असं नाही. पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेलं लातूर आहे हे. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या गावात गच्चीवर पाणी ओता, असं मी तरी सांगणार नाही. त्यापेक्षा हिरवी शेडनेट ताणा, पण गच्चीपासून दोन-तीन फूट वर, खालून वारं खेळलं पाहिजे. सोलर पॅनलसुद्धा सावलीच देतात. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, वीज मिळते ती मिळतेच, खालची खोलीही थोडी निवते.

आता पत्र्याबद्दल. हा भाग ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या क्लासेसजवळ गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहत असणार. लातूर पॅटर्नवर खूप बोललं जातं, त्या पोरांच्या डोक्यावरच्या पत्र्यावर कुणी बोलत नाही. पत्रा साठवत काहीच नाही, म्हणून रात्री लवकर निवतो, ही त्याची एकच चांगली बाजू. दिवसा मात्र तो तव्यासारखी उष्णता थेट अंगावर फेकतो. हवा ३८ अंश असली तरी अंगाला त्याहून कितीतरी जास्त भासते. अशा खोलीत दुपारी अभ्यास होत नाही, यात तुमचा आळस नाही!

पत्र्याला वरून पांढरा रंग, आणि आतून पत्र्यापासून चार-सहा इंच सोडून खाली चमकदार फॉइलची शीट किंवा फॉल्स सीलिंग. मधल्या पोकळीतली गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना जागा ठेवा, नाहीतर ती तिथेच उकळत बसते. साधा उघडा थर्माकोल चुलीजवळ, गॅसजवळ, लोंबत्या वायरींजवळ लावू नका, तो भराभर पेटतो. गावाकडे पत्र्यावर पाचट किंवा तुराट्या टाकतात, गारवा मिळतो, पण धोका तोच. आणि जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते घासू नका, त्यांना भोकं पाडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसात राहते.

भाड्याच्या खोलीत मालक खर्च करत नसेल तर सगळ्यांनी वर्गणी काढून चुना मारायची परवानगी तेवढी मागा. नाही म्हणणारा मालक सहसा "गळती होईल" म्हणतो. त्याला सांगा की त्यासाठी आधी गच्ची साफ होईल आणि भेगा दिसतील, फायदा त्याचाच आहे.

करायच्या आधी एक प्रयोग करा. गच्चीच्या अर्ध्या भागावरच चुना मारा. दुपारी तीनला दोन्हीकडे हात टेकवून बघा (लगेच उचला!), आणि रात्री नऊला खाली खोलीत स्टुलावर उभं राहून छताच्या दोन्ही अर्ध्यांना हात लावा. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर आकडे लिहून आम्हाला पाठवा. कुठलं गाव, स्लॅब की पत्रा, आणि वरचा मजला की एकमजली, तेवढं सोबत कळवा.