जन्मांध कोणाच्या पापाने?

अपंगत्व किंवा दीर्घ आजार ही पापाची शिक्षा असते का, या प्रश्नाला ख्रिस्ती धर्मविचार दोन पातळ्यांवर उत्तर देतो, आणि बहुतेक गोंधळ त्या दोन पातळ्या एकमेकींत मिसळल्याने होतो. जगात दुःख, रोग आणि मरण मुळात का आहे, हा एक प्रश्न. अमुक घरातले अमुक मूल पांगळे का जन्मले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर परंपरा आदाम-एवेच्या आज्ञाभंगात शोधते. तेच उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावायला येशूने नकार दिला; त्याच्या अनुयायांना मात्र तो मोह अनेक शतके आवरला नाही.

जुन्या करारात या बाबतीत एकवाक्यता नाही. वडिलांच्या अपराधाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचतो, असे निर्गमात दहा आज्ञांबरोबर सांगितले आहे. यहेज्केल संदेष्टा अठराव्या अध्यायात नेमके उलट बजावतो: ज्याचे पाप त्याच्याच माथी. शारीरिक व्यंग असलेल्या याजकपुत्राला लेवीय ग्रंथ वेदीवर अर्पण करू देत नाही, पण पवित्र अन्नातला त्याचा वाटा काढून घेत नाही. ईयोबाच्या ग्रंथात हा वाद सर्वांत खोलवर जातो. सज्जन ईयोबाची संपत्ती जाते, मुले दगावतात, अंगभर फोड उठतात. सांत्वनाला आलेले तीन मित्र त्याने कुठेतरी गुप्त पाप केलेच असणार, असा तर्क लढवीत राहतात. शेवटी देवाचा कोप होतो तो त्या मित्रांवर. ईयोबाला मात्र आपल्या दुःखाचे कारण अखेरपर्यंत कळत नाही, आणि ग्रंथाचा प्रामाणिकपणा त्यातच आहे.

योहानाच्या शुभवर्तमानातील नववा अध्याय या विषयाचा गाभा मानला जातो. वाटेत दिसलेल्या जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य येशूला विचारतात की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? मराठी वाचकाला इथे पूर्वजन्म आठवणे साहजिक आहे. पुनर्जन्म मानणाऱ्या काही लेखकांनी या प्रश्नाचा आधारही घेतला आहे. पण चर्च पुनर्जन्म मानत नाही, आणि येशू दोन्ही पर्याय फेटाळतो. देवाचे कार्य या माणसाच्या ठायी प्रकट व्हावे, असे म्हणून तो थुंकीने माती कालवतो, ती त्याच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो.

या उत्तरावरही आक्षेप आहेत. देवाचा महिमा दाखवण्यासाठी एखाद्याने इतकी वर्षे अंधारात काढायची का, हा त्यातला सरळ प्रश्न. ब्रिटनमध्ये अध्यापन करणारे, मध्यम वयात दृष्टी गमावलेले धर्मअभ्यासक जॉन हल यांनी 2001 च्या आपल्या पुस्तकात आणखी एक अडचण मांडली: हाच अध्याय पुढे आंधळेपण हे अविश्वासाचे रूपक म्हणून वापरतो. एका हाताने काढलेला कलंक दुसऱ्या हाताने परत लावल्यासारखे ते होते. हल यांचा मुद्दा टाळता येण्यासारखा नाही.

इतर प्रसंगही सरळ नाहीत. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले 18 जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असे येशू लूकच्या शुभवर्तमानात सांगतो. पण छप्पर उघडून खाली सोडलेल्या पक्षघाती माणसाला तो आधी पापक्षमा देतो, मग उठायला सांगतो. बेथेसदाच्या तळ्याकाठी 38 वर्षे पडून असलेल्या माणसाला बरे केल्यावर पुन्हा पाप न करण्याची ताकीदही देतो. पाप आणि आजार यांचा संबंध कधीच नसतो, असे म्हणायला शुभवर्तमाने तयार नाहीत. आजारावरून पाप ओळखता येते, हे मात्र ती नाकारतात.

पाचव्या शतकात संत ऑगस्टिनने मूळ पापाचा सिद्धांत पक्का केला. तान्ह्या मुलांच्या यातना हाच त्याचा पुरावा होता: स्वतः काही न करताही ती सोसतात, म्हणजे मानवजातीला वारसा लागलेला आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने मरण आणि शरीराची वैगुण्ये यांचे मूळ या मूळ पापातच मानले, पण कोणाला किती भोगावे लागते हे त्याच्या वैयक्तिक पापाच्या मापाने ठरत नाही, असे स्पष्ट केले. व्यवहारात ही सूक्ष्मता नव्हती. त्याच्या आधीच, 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, शरीराचा आजार कधी कधी पापातून येतो असे कारण देऊन, वैद्याने रोग्याला आधी धर्मगुरूला बोलावायला सांगावे असा नियम केला.

पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला तो हाच मिश्र वारसा. 1542 च्या मे महिन्यात गोव्यात उतरलेल्या फ्रान्सिस झेवियरने इस्पितळात रोग्यांची सेवा केली. शहराबाहेरच्या कुष्ठरोग्यांसाठी तो रविवारी मिस्सा करी. त्याचा आवेश पापमुक्तीचा होता, तरी पाय मात्र लोक ज्यांना टाळत त्या माणसांकडे वळले. बाणावलीत जन्मलेल्या जुझे वाझने 1697 मध्ये श्रीलंकेतील कँडीत देवीची साथ आली तेव्हा सोडून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा केली. 2015 मध्ये त्याला संतपद मिळाले. शिकवणुकीच्या बाजूला थॉमस स्टीफन्सचे 1616 मध्ये रोमन लिपीत छापलेले मराठी ‘क्रिस्तपुराण’ आहे. त्याचे पहिले पुराण सृष्टीच्या निर्मितीपासून आदाम-एवेच्या पतनाकडे जाते. जन्मोजन्मीच्या कर्माच्या कथांवर वाढलेल्या श्रोत्यांपुढे दुःखाचा उगम एकाच मूळ जोडप्याच्या चुकीत दाखवणे, हा फार मोठा पालट होता.

उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली हे तालुके मात्र या पालटाच्या बाहेर राहिले. डिचोली 1781-82 च्या सुमारास आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीजांकडे आले, तोवर सक्तीच्या धर्मांतराचा काळ सरला होता, आणि नव्या काबिजादीतील, म्हणजे नंतर ताब्यात आलेल्या या प्रदेशातील, लोकांच्या धर्माला व चालीरीतींना हात न लावण्याचे धोरण होते. त्यामुळे इथला ख्रिस्ती समाज अल्पसंख्य राहिला. हरमल, मांद्रे, डिचोली इथे इगर्जी (चर्च) आहेत, पण भोवतालची दुःखमीमांसा वेगळी आहे. पेडण्याच्या भगवतीच्या देवळाकडे कोजागिरीला भरणाऱ्या पुनवेला बाधा झालेल्या माणसांना आणले जाते. डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराई देवीची बहीण म्हणून म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला मान मिळतो, आणि तिच्या फेस्ताला (सणाला) हिंदूही जातात. दिश्ट (दृष्ट) काढायला मीठ-मिरची ओवाळणे हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरांत चालते.

म्हणजे एका मुलाच्या अपंगत्वावर पेडण्यात तीन कारणे ऐकू येऊ शकतात: मागच्या जन्मीचे भोग, कोणाची तरी बाधा किंवा दिश्ट, आणि घरातल्यांचे पाप. धर्मशास्त्रात ती परस्परविरोधी आहेत, शेजारपाजारच्या बोलण्यात नाहीत. तिन्हींत एक समान धागा आहे, तो म्हणजे आईकडे रोखलेले बोट. जुन्या गोव्यात झेवियरच्या फेस्ताला मेणाचे हात, पाय, डोळे विकत घेऊन आंगवण (नवस) फेडली जाते. बरे होण्याची ही मागणी निष्पाप आहे. तिला कारण शोधण्याची गरज लागत नाही.

पापाच्या हिशेबाची क्रूरता मराठी लेखकांत पंडिता रमाबाईंइतकी नेमकी कोणी पकडली नसेल. वैधव्य म्हणजे मागच्या जन्मीच्या पापाचे फळ, या समजुतीवर त्यांनी 1887 च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात बोट ठेवले. पुढे त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दृष्टिहीन मुलींसाठीही सोय झाली.

विसाव्या शतकात चर्चची भाषा बदलली. मरणाच्या दारात लावायचे पवित्र तेल 1972 पासून कोणत्याही गंभीर आजाऱ्यासाठी मोकळे झाले. 1984 च्या फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे यांनी दुःखावर स्वतंत्र पत्र लिहिले, आणि ईयोबाच्या आधारे निर्दोषाचे दुःख शिक्षा म्हणून समजून घेता येत नाही असे मांडले. 1917 च्या चर्चसंहितेत वेदीवरील काम सुरक्षितपणे किंवा शोभेल असे करू न शकणाऱ्या अपंग माणसाला दीक्षेपासून रोखणारी तरतूद होती; 1983 च्या संहितेत ती उरली नाही. अमेरिकेतील नॅन्सी आयझलँड या स्वतः अपंग असलेल्या अभ्यासिकेने 1994 मध्ये याहून पुढे जाऊन प्रश्नच उलटा केला: पुनरुत्थानानंतरही येशूच्या हातापायांवर जखमा राहिल्या, तर व्यंग असलेला देह अपूर्ण कसा?

नव्या पेंतेकोस्ती मंडळ्यांमध्ये याच्या विरुद्ध दिशेचा ओघ आढळतो. आरोग्य हे विश्वासाचे फळ मानले की बरे न होणाऱ्यावर विश्वास कमी असल्याचा ठपका येतो. ईयोबाच्या मित्रांचा तर्क फक्त शब्द बदलून परततो. कॅथलिक धर्मगुरूंचा त्यावरील आक्षेप मुख्यतः हाच असतो. प्रार्थनेने बरे होणे ते नाकारत नाहीत. बरे न झालेल्याला त्याच्या न बरे होण्याचा दोष देणे मात्र अमान्य करतात.