परसांतील नळी

पिण्याच्या पाण्याची काळजी आपल्याकडील गृहिणी किती घेतात हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. हंडा-कळशी रोज घांसली जाते, पाणी दुहेरी फडक्यांतून गाळलें जातें, आणि हल्लीं बहुतेक घरीं भिंतीवर शुद्धीकरणाचें यंत्रही टांगलेलें असतें. परंतु ही सर्व काळजी स्वयंपाकघरांतील नळाची. परसांत जो एक नळ असतो आणि ज्याला झाडांसाठीं रबरी नळी जोडलेली असते, त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं. तो पाणी देतो एवढेंच आपण जाणतों. तो पाणी ओढूनही घेऊं शकतो हें ध्यानांत येत नाहीं. आमच्याही तें आलें नव्हतें, आणि ज्या रीतीनें आलें ती सांगतांना आम्हांस संकोच वाटतो.

आमच्या गांवीं नळाला एक दिवसाआड, तेंही पहांटे दोन तास, पाणी येतें. महाराष्ट्रांतील कितीएक गांवांची अशीच स्थिति आहे. अशा ठिकाणीं एक संवय सर्वांच्या अंगवळणीं पडते: चावी उघडी ठेवावयाची, नळीचें टोंक पिंपांत सोडावयाचें आणि खुशाल निजावयाचें, पाणी येईल तेव्हां पिंप आपोआप भरेल. मागील वैशाखांत आमच्या नातवानें परसांतील निळ्या पिंपांत शेण, गोमूत्र व गूळ कालवून झाडांसाठीं जीवामृत केलें होतें. त्यांत भर घालावी म्हणून त्यानें नळी आंत सोडली आणि मित्रांची हांक येतांच तो तसाच निघून गेला. थोड्याच वेळांत पाणी गेलें. चावी उघडीच राहिली.

दुपारीं पाहतों तों पिंप अर्ध्यावर आलेलें! भोंक पडलें असावें असें समजून आम्ही पिंप चोहोंकडून न्याहाळलें. परंतु भोंवतालची जमीन कोरडी ठणठणीत होती. कोडें सुटेना, म्हणून आम्ही तें सोडून दिलें. तिसऱ्या दिवशीं पहांटे सूनबाई हंडा भरावयास गेल्या आणि धार सुरू होतांच ओरडल्या, "बाबा, पाण्याला गोठ्याचा वास येतोय!" तेव्हां त्या कोरड्या जमिनीचा अर्थ आम्हांस उमगला.

तीस वर्षें आम्ही सातवीच्या वर्गास वक्रनलिकेचा प्रयोग करून दाखविला आहे. एक भांडें उंचावर, एक खालीं. वांकविलेली कांचेची नळी पाण्यानें भरून तिचें एक टोंक वरच्या भांड्यांत बुडविलें कीं पाणी आधीं नळीच्या वांकापर्यंत चढतें व मग खालीं उतरतें. मुलें टाळ्या वाजवीत. हवेचा दाब सुमारें दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरूं शकतो हेंही आम्ही फळ्यावर लिहून देत असूं. परसांतील नळाची उंची ती किती? दोन हात! रस्त्याखालचा नळ बंद झाला आणि उतारावर कोणाची चावी उघडी असली, म्हणजे नळांतील उरलेलें पाणी तिकडे उतरूं लागतें व मागें ओढ उत्पन्न होते. त्या वेळीं नळाची चावी उघडी व नळीचें टोंक पाण्यांत बुडालेलें, इतकें जुळलें कीं प्रयोगाची सर्व सामग्री सिद्ध झाली. आमच्या परसांत ती रोजच सिद्ध होती. पाहावयास मात्र शिक्षक जागा नव्हता.

आमच्या घरांत आलें तें थोडें. अधिक गेलें तें उतारावरील शेजाऱ्यांकडे, आणि त्यांच्याकडे आठ महिन्यांचें मूल होतें. आम्ही त्याच सकाळीं जाऊन सर्व हकीकत सांगितली. पाणी जातां जातां जी शेवटची गढूळ धार आली तिनें त्यांच्या घरीं मुलाची भांडीं विसळलीं गेलीं होतीं, आणि मुलास दोन दिवस जुलाब होत होते असें कळलें. मूल बरें झालें. तें आमच्याच पिंपामुळें आजारी पडलें असें सिद्ध करतां येणार नाहीं. नाहीं पडलें असेंही आम्हांस म्हणवत नाहीं.

ही खेडवळ गांवची, अपुऱ्या पाण्याची गोष्ट आहे असें कोणी समजूं नये. अमेरिकेंत, मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील वुस्टर शहरीं हॉली क्रॉस नांवाचें महाविद्यालय आहे. १९६९ सालच्या ऑगस्टअखेर तेथील फुटबॉलचा संघ सराव करीत होता. मैदानाच्या बाजूस जमिनींत खड्डे करून, त्यांत शिंपणाच्या चाव्या बसविलेल्या होत्या. जवळच्या वस्तींतील मुलें त्या खड्ड्यांच्या पाण्यांत खेळत, आणि त्यांपैकीं कांहींच्या घरीं काविळीचा आजार होता. अशांत शेजारीं एका घरास आग लागली. बंबवाल्यांनीं मोठ्या नळांतून जोरानें पाणी खेंचलें. त्यासरशीं मैदानाच्या नळांतील दाब नाहींसा झाला आणि खड्ड्यांतील घाण पाणी बुडालेल्या चाव्यांतून आंत ओढलें गेलें. पुढें तेंच पाणी तहानलेले खेळाडू प्याले. महिन्याभरांत संघांतील ९७ पैकीं सुमारें ९० जणांस काविळीच्या जंतूंची बाधा झाली. त्या वर्षीं दोनच सामने होऊं शकले, बाकीचे रद्द करावे लागले. चोवीस तास पाणी असलेल्या सधन शहरांत एका आगीनें जें झालें, त्याला अनुकूल परिस्थिति आपल्याकडे पाणी बंद होतांना दर खेपेस येते.

आतां उपाय. सर्वांत निश्चित उपाय फुकट आहे: नळीचें किंवा तोटीचें टोंक पाण्यांत बुडूं न देणें. तोटीच्या तोंडाचा जेवढा व्यास, त्याच्या निदान दुप्पट, आणि कोणत्याही परिस्थितींत एक इंचाहून कमी नाहीं, इतकें अंतर तोटी व भांड्याचा कांठ यांमध्यें मोकळें असावें. मधें हवा असली म्हणजे कितीही ओढ लागो, नळांत हवाच शिरेल, पाणी शिरणार नाहीं. आपल्या घरांतील वडील माणसें तांब्या ओंठाला न लावतां वरून पाणी पीत, ती हीच युक्ति. सोंवळ्याच्या नांवाखालीं माणसांना पाण्यापासून दूर ठेवण्याचें जें पाप आपल्या समाजानें केलें त्याचें समर्थन आम्ही करणार नाहीं. पण भांड्याला तोटीपासून दूर ठेवण्याची शिस्त सोडण्यासारखी नव्हे. गच्चीवरील टाकीसही हाच नियम: पाणी आंत सोडणाऱ्या बॉलकॉकचें तोंड, टाकी ओसंडण्याचा जो नळ असतो, त्याच्याहून वर पाहिजे.

विशेष जपावयाचें तें फवारणीच्या औषधाविषयीं. पंपाच्या टाकींत नळी खुपसून औषध पातळ करण्याची रीत आम्ही पुष्कळ बागांतून पाहिली आहे. शेणाच्या पाण्याचा निदान वास येतो, आणि उकळल्यानें त्यांतील जंतू मरतात; औषधाचें विष उकळून जात नाहीं. पंप भरावयाचा तो नेहमीं बादलीनें.

परंतु घर मुलांनीं गजबजलेलें असलें म्हणजे नियम किती पाळले जातात हें आम्ही जाणतों. यासाठीं नळाच्या तोंडाशीं बसविण्याचा एक लहानसा पितळी तुकडा मिळतो. त्यास व्हॅक्यूम ब्रेकर म्हणतात. त्याच्या पोटांत रबराची चकती असते व अंगाला बारीक भोंकें. पाणी पुढें वाहत असतां चकती भोंकें झांकते; उलट ओढ लागली कीं ती मागें सरते, भोंकांतून हवा आंत येते आणि ओढ तुटते. चावी बंद करतांना यांतून थोडें पाणी गळतें. तो बिघाड नव्हे. पण तसें समजून पुष्कळ लोक तो काढून टाकतात. नळीच्या पुढच्या टोंकास बंद होणारी तोटी असेल तर काम झाल्यावर मागची चावी बंद केलीच पाहिजे, नाहीं तर सतत दाबाखालीं राहून चकती चिकटून बसते.

हा तुकडा ओढीवर चालतो, ढकलण्यावर नव्हे. जेथें विंधनविहिरीचा पंप व नगरपालिकेचा नळ एकमेकांस जोडलेले असतात, तेथें पंपाचा दाब अधिक झाला कीं विहिरीचें पाणी गांवच्या नळांत ढकललें जातें. मधें एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून कित्येक गृहस्थ निर्धास्त असतात. परंतु वाळूचा एक कण त्याच्या झडपेंत अडकला कीं झडप उघडी राहते. आमच्या मतें असे दोन नळ जोडूंच नयेत. दोन्ही पाणी टाकींत वरून, निरनिराळ्या तोंडांनीं पडावें. आणि नळाला थेट मोटार लावून पाणी खेंचणें? तें तर साऱ्या आळीच्या नळांस ओढ लावणें आहे; जमिनींतील प्रत्येक फुटक्या सांध्यांतून गटाराचें पाणी त्या मोटारीच्या दिशेनें निघतें. नियमांनीं त्यास बंदी आहे. तरी आमच्याच आळींत पहांटे तीन मोटारींचा आवाज येतो, आणि त्यांपैकीं एक आमच्या एका विद्वान् स्नेह्यांची आहे!

ज्यांस आपल्या परसाची परीक्षा करावयाची असेल त्यांनीं बादलींत स्वच्छ पाणी घेऊन नळीचें टोंक बुडवावें, चावी सोडून नळी भरूं द्यावी, मग ती चावी उघडीच ठेवून घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा आणि बादलींतील पाण्याहून खालच्या पातळीवरची मोरीची तोटी उघडावी. बादली उतरूं लागली तर मुलांना बोलावून दाखवावें.

आमच्याकडे आतां नळी खुंटीवर गुंडाळलेली असते. पितळी तुकडा बसल्यावर पहिल्याच दिवशीं सूनबाईंनीं "गळतोय" म्हणून तक्रार केली, तेव्हां नातवानेंच तिला चकतीची गोष्ट समजावून सांगितली. उतारावरील शेजाऱ्यांच्या नळालाही आम्ही एक तुकडा बसवून दिला. त्यांनीं पैसे विचारले. आम्ही घेतले नाहींत.