घामासोबत मीठही जातं
विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला सगळीकडून मिळतो. उन्हात राबणाऱ्यांसाठी तो अपुरा आहे, असं माझं ठाम मत आहे. घामातून सोडियमही जातं. ते भरून न काढता तासन्‌तास नुसतं पाणीच पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम घटतं. डोकं दुखतं, मळमळतं, क्वचित झटकेही येतात. लहान आतडं सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं शोषतं, मागोमाग पाणी ओढलं जातं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलराच्या असंख्य रुग्णांना वाचवलं. मीठ-गुळाचं आपलं कैरीचं पन्हंही त्याच वाटेवरचं.

मग रक्तदाबवाल्यांचं काय? रास्त प्रश्न. सावलीत बसून काम करणाऱ्याला जेवणातलं मीठ पुरतं, त्यानं साधं पाणीच प्यावं. रक्तदाब, मूत्रपिंड वा हृदयाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं. ‘तहान लागेल तेव्हा पिऊ’ हे तरुणांना बहुधा चालतं, पण वयासोबत तहानेची जाणीव बोथट होते. म्हणून घरातल्या आजी-आजोबांनी मागायची वाट न पाहता त्यांना पाणी, पातळ ताक देत राहा. लघवी गडद पिवळी दिसली तर लगेच.