आठशे मीटर, महिला गट

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत महिला उमेदवारांना आठशे मीटर धावावं लागतं, पुरुषांना सोळाशे. गोळा महिलांसाठी चार किलोचा, पुरुषांसाठी ७.२६० किलोचा. मैदानी चाचणीचे एकूण गुण ५०, त्यांतले २० या एका धावण्याचे. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना हे आकडे तोंडपाठ असतात. त्यांच्यापैकी बहुतेकींचा सराव डांबरी रस्त्यावरच होतो. पहाटे, एसटीची वर्दळ सुरू होण्याआधी.

महिलांच्या खेळांत जगभर सर्वांत जास्त भांडण झालं तेही याच आठशे मीटरवर. ‘महिला गटात कोणी धावायचं’ हा वाद आपल्याकडे परदेशातली बातमी म्हणून वाचला जातो. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी, २०२४ मध्ये, अल्जीरियाची बॉक्सर इमान खलिफ हिच्यावरून आठवडाभर आपल्या फोनवरही तो गाजला आणि विरला. प्रत्यक्षात हा प्रश्न जव्हारपासून एका घाटापलीकडे, नाशिकच्या पोलीस भरतीत येऊन गेला आहे. तिकडे वळण्यापूर्वी माझी भूमिका सांगतो. महिला गटाला सीमा हवीच. पण त्या सीमेची किंमत आजवर कोणी मोजली, हे पाहू लागलं की खेड्यापाड्यांतल्या गरीब मुलींचीच नावं पुढे येतात. ही किंमत नियम करणाऱ्यांनी आणि या मुलींना मैदानात उतरवणाऱ्या सरकारनं उचलायला हवी.

सीमा का हवी, हे घड्याळ सांगतं. आठशे मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम डेव्हिड रुडिशाचा, १ मिनिट ४०.९१ सेकंद, लंडन २०१२. महिलांचा यार्मिला क्रातोख्विलोव्हाचा, १ मिनिट ५३.२८ सेकंद, म्युनिक १९८३. फरक सुमारे १२ टक्क्यांचा. धावण्याच्या बहुतेक प्रकारांत तो १० ते १२ टक्क्यांच्या आसपासच राहतो. वयात येताना मुलग्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढतं; त्यानं उंची, स्नायू, हाडांची जाडी, हिमोग्लोबिन सगळंच वाढतं. वेगळा गट नसता तर जगातली सर्वोत्तम धावपटूही अंतिम फेरीच्या आसपास दिसली नसती. भरतीतही महिलांसाठी वेगळं अंतर, वेगळा गोळा आणि ३० टक्के समांतर आरक्षण नसतं, तर मोखाड्याच्या मुलीनं खाकी कपड्यांचं स्वप्नच पाहिलं नसतं. ‘खेळात सगळे सारखे, भिंती कशाला’ असं म्हणणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

या पट्ट्यात धावणं हा छंद नाही, पोटाचा मार्ग आहे. जव्हारहून हरसूलमार्गे नाशिकला जाताना लागणाऱ्या डोंगराळ मुलखातलं सावरपाडा हे कविता राऊतचं गाव. लहानपणी अनवाणी धावलेल्या या आदिवासी मुलीनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. ओएनजीसीत नोकरी. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव आश्रमशाळांमधल्या मुलींना माहीत असतं, आणि त्यामागची नोकरीही. सरकारी सेवेतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, पोलीस, वनविभाग, रेल्वे. पात्रता हा शब्द इथे थेट पगाराशी जोडलेला आहे.

आणि ती पात्रता इथे कागदावर ठरते. जातीचा दाखला, त्याची पडताळणी, बोनाफाईड, जन्मतारीख. घरी सुईणीच्या हातून जन्मलेल्या किती तरी मुलांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लिहिली. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. त्या गटांत कोण बसतं हे या १ जूनवर अवलंबून. वयचोरी रोखण्यासाठी खेळांत मनगटाच्या हाडांचा एक्स-रे काढून वय ठरवतात. पण पोषण कमी पडलेल्या मुलांची हाडं उशिरा पक्की होतात. एक्स-रेत ती खऱ्या वयापेक्षा लहान दिसतात. जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी १९९२-९३ मध्ये बालमृत्यूंमुळे देशभर चर्चेत आलं होतं. अशा भागातल्या मुलीचं शरीर कुठल्याही तक्त्यात नीट बसत नाही. पाळी उशिरा आली तर अशक्तपणा म्हणून सोडून दिलं जातं, आणि बहुतेकदा ते कारण बरोबरही असतं. कमी खाऊन जास्त धावणाऱ्या मुलींची पाळी थांबतेच.

कधी कधी मात्र कारण वेगळं असतं. नाशिक ग्रामीण पोलिसांच्या २०१८ च्या भरतीत अनुसूचित जातीच्या प्रवर्गातून एका तरुणीनं अर्ज केला होता. ती परीक्षांमधून पुढे गेली. वैद्यकीय तपासणीत तिला गर्भाशय आणि बीजांडकोश नसल्याचं दिसलं. गुणसूत्रांची चाचणी झाली, तिचा निकाल एक्सवाय, म्हणजे सहसा पुरुषांत आढळणारा, आला. जन्मापासून ती मुलगी म्हणून वाढली होती, सगळे दाखले मुलीचे होते. स्वतःच्या शरीराविषयीची ही गोष्ट तिला भरतीच्या तपासणीतूनच पहिल्यांदा कळली. नेमणूक मिळेना म्हणून ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. मे २०२२ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि माधव जामदार यांच्या खंडपीठापुढे राज्याच्या महाधिवक्त्यांनी सांगितलं की तिला शिपाई सोडून पोलीस दलातल्या दुसऱ्या पदावर घेण्याचा सहानुभूतीनं विचार होईल. यात तिचा काही दोष नाही हे न्यायालयानं मान्य केलं आणि सरकारला दोन महिन्यांत निर्णय घ्यायला सांगितलं.

हा तोडगा पूर्ण समाधानाचा नाही. शिपाई म्हणून ती का नको, याचं उत्तर त्यात मिळत नाही. पण त्यात एक गोष्ट आहे जी खेळाच्या संघटनांना कित्येक दशकं सुचली नाही: गटाचा प्रश्न आणि माणसाच्या पोटाचा प्रश्न वेगळे ठेवून दुसऱ्याची जबाबदारी घेणं.

शांती सौंदराजनच्या बाबतीत ती कोणीच घेतली नव्हती. तमिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यातल्या कथाकुरिची गावची ही दलित मुलगी, आईवडील वीटभट्टीवर. डिसेंबर २००६ मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत तिनं आठशे मीटरचं रौप्यपदक जिंकलं, वेळ २ मिनिटं ३.१६ सेकंद. त्यानंतर तिची लिंगचाचणी झाली आणि ती नापास झाल्याचं तिला टीव्हीवरच्या बातमीतून समजलं. पदक गेलं. पुढच्या वर्षी तिनं जीव देण्याचा प्रयत्न केला. काही वर्षांनी ती स्वतः वीटभट्टीवर राबत होती. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं भिवंडी, वसईकडच्या भट्ट्यांवर बिऱ्हाड हलवतात. भट्टीवर परत जाणं म्हणजे काय, हे इथे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. शांतीला प्रशिक्षकाची पक्की सरकारी नोकरी मिळेपर्यंत जवळपास दहा वर्षं गेली. गोव्याच्या प्रतिमा गावकरला तेवढंही मिळालं नाही. लिंगचाचणीच्या निकालाची चर्चा झाल्यावर या तरुण खेळाडूनं २००१ मध्ये आत्महत्या केली.

द्युती चंदच्या वेळी सरकार पाठीशी उभं राहिलं आणि फरक पडला. ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यातल्या विणकर कुटुंबातली द्युती १८ वर्षांची असताना, २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर तिला संघातून काढलं. टेस्टोस्टेरॉन जास्त, हे कारण. तिला सांगितलं गेलं की औषधानं किंवा शस्त्रक्रियेनं ते कमी करा, मग या. तिनं नकार दिला. भारतीय क्रीडा प्राधिकरणानं मदत केली, टोरंटोच्या वकिलांनी फी न घेता खटला चालवला, आणि जुलै २०१५ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादानं जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचा टेस्टोस्टेरॉनचा नियम दोन वर्षांसाठी स्थगित केला. लवादाचं म्हणणं होतं की नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनचा अशा खेळाडूंना नेमका किती फायदा होतो, हे संघटनेनं दाखवलेलं नाही.

संघटनेनं मग २०१८ मध्ये नियम ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच अंतरांपुरता आणला. त्यात दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या सापडली. २०१९ मध्ये लवादानं दोन विरुद्ध एक अशा मतानं हा नियम भेदभावाचा असला तरी आवश्यक असल्याचं ठरवलं. इथे दुसरी बाजूही मनापासून ऐकायला हवी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आठशे मीटरच्या तिन्ही पदकविजेत्या, सेमेन्या, निओन्साबा आणि वाम्बुई, पुढे या नियमांच्या कक्षेत आल्या. चौथी आली कॅनडाची मेलिसा बिशप. तिनं चार वर्षं घाम गाळला होता, कोणाला फसवलं नव्हतं, तिलाही वय परत मिळणार नव्हतं. तिचं दुःख खोटं आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. अडचण ही की सेमेन्यानंही कोणाला फसवलं नव्हतं.

या सगळ्या वादातली सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद एका वैद्यकीय लेखात आहे. फ्रान्समधल्या नीस आणि माँपेलिएच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये चार महिला खेळाडूंवरच्या उपचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. वयं १८ ते २१. चौघीही विकसनशील देशांतल्या ग्रामीण किंवा डोंगराळ भागातल्या, एवढाच त्यांचा पत्ता तिथे आहे. त्यांच्या शरीरात आत राहिलेल्या वृषणग्रंथी काढल्या गेल्या, शिश्निकेचा भाग कापला गेला. त्या ग्रंथींमुळे तब्येतीला धोका नव्हता, हेही त्या लेखात आहे. खेळता यावं म्हणून हे झालं, आणि वर्षभरानं त्यांना खेळण्याची मुभा मिळाली. अठरा वर्षांच्या परक्या देशातल्या मुलीनं, भाषा येत नसताना, खेळ सुटेल या भीतीनं दिलेल्या संमतीला संमती म्हणता येत नाही.

ग्रामीण आणि डोंगराळ भागच का? निदान उशिरा होतं म्हणून. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या अशा वेगळेपणाकडे बालरोगतज्ज्ञांचं लक्ष जाण्याची शक्यता असते. पाड्यावर, घरी झालेल्या बाळंतपणात सुईण मुलगी म्हणते आणि मुलगी वाढते. ती वेगानं धावू लागली की पहिल्यांदा तिच्याकडे डॉक्टरांचं लक्ष जातं, आणि तेही संशयानं.

सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं पुन्हा जनुक चाचणी आणली आहे. जागतिक स्पर्धेत महिला गटात उतरणाऱ्या प्रत्येकीनं आयुष्यात एकदा गालाच्या आतून घेतलेला नमुना किंवा रक्त देऊन एसआरवाय हे पुरुषी वाढ सुरू करणारं जनुक आहे की नाही ते तपासून घ्यायचं. टोकियोच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेपासून ती लागू झाली. अशी चाचणी ऑलिंपिकमध्ये पूर्वीही होती. १९९६ च्या अटलांटात ३,३८७ जणींपैकी आठ जणींत हे जनुक सापडलं. आठहीजणींना खेळू दिलं गेलं आणि १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीनं चाचणीच थांबवली. १९९० मध्ये हे जनुक शोधणाऱ्या अँड्र्यू सिंक्लेअर यांनी ताज्या नियमाला जाहीर विरोध केला. जनुक असणं वेगळं आणि शरीरानं टेस्टोस्टेरॉनला दाद देणं वेगळं, हा त्यांचा मुद्दा. ज्यांचं शरीर त्याला अजिबात दाद देत नाही अशांना नव्या नियमातही सूट आहे, पण ती सिद्ध करायला पुढच्या तपासण्या लागतात. दरम्यान १० जुलै २०२५ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठानं सेमेन्याला न्याय्य सुनावणी मिळाली नाही असा निकाल दिला. नियमाच्या बरेवाईटपणावर ते बोललं नाही.

पारलिंगी महिलांचा प्रश्न यात मिसळू नये असं मला वाटतं. ज्यांची पुरुषी वाढ पूर्ण झाली आहे त्यांना ॲथलेटिक्सनं मार्च २०२३ पासून जागतिक महिला गटातून वगळलं, आणि वेगाच्या, ताकदीच्या खेळांत त्या निर्णयामागचं कारण मला पटतं. भरतीत त्यांच्यासाठी निराळे निकष आखायला सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे मान्यता दिली, तो मार्ग योग्य. शांतीची आणि नाशिकच्या त्या तरुणीची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी काही बदललं नव्हतं, त्यांना काही ठाऊकही नव्हतं.

चाचणी राहणारच असेल तर ती कशी करायची हे शिकायला लोझानला जावं लागणार नाही. आदिवासी भागांत सिकलसेलसाठी आश्रमशाळांमध्ये मुलामुलींचं रक्त तपासलं जातं. तोही जनुकाचाच आजार. आई-वडिलांकडून तो कसा येतो, वाहक असणं म्हणजे काय, लग्न ठरवताना काय पाहायचं, हे एएनएम आणि आशा घराघरांत समजावतात; देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. जनुकाची गोष्ट वारली किंवा कोकणा कुटुंबाला कळत नाही, हा बहाणा त्यामुळे चालत नाही. नीट बसून, त्यांच्या बोलीत सांगितली की कळते.

म्हणून मागणी साधी आहे. जिल्हा आणि राज्य पातळीवर कोणाही मुलीची लिंगचाचणी नको; तिथे शाळेचा दाखला पुरेसा आहे, आणि प्रतिस्पर्ध्याच्या तक्रारीवरून तपासणी तर कधीच नको. मुलगी राष्ट्रीय शिबिरात निवडली गेली की नमुना घेण्याआधी तिला तिच्या भाषेत, आईच्या किंवा विश्वासाच्या बाईच्या सोबत सगळं सांगावं. निकाल एका डॉक्टरकडून फक्त तिला कळावा. फेडरेशनच्या कार्यालयातून बातमी फुटली तर फोडणाऱ्यावर कारवाई व्हावी. निकाल वेगळा आला तर अंतःस्रावतज्ज्ञाच्या तपासण्या, मुंबईला येण्या-जाण्याचा आणि राहण्याचा खर्च, गरज पडल्यास वकील, हे सगळं क्रीडा खात्यानं द्यावं. जागतिक संघटना एका चाचणीमागे १०० डॉलरपर्यंत देते. त्यापुढचा खर्च आज खेळाडूवर किंवा तिच्या नशिबावर आहे. आणि महिला गटातून ती बाहेर पडली तरी तिची आधीची प्रमाणपत्रं, खेळाडू आरक्षणातला हक्क आणि नोकरी यांना धक्का लागणार नाही, असा शासन निर्णय निघावा. ती प्रमाणपत्रं तिनं त्या वेळच्या नियमांत धावून मिळवली आहेत.