विश्लेषण : जुन्या दुर्बिणीचे भिंग नेमके कोणाचे? ते ओळखायचे कसे?

विक्रोळीतील कन्नमवारनगर, टागोरनगर येथील म्हाडाच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू आहे. घर रिकामे करताना माळ्यावरच्या वस्तू खाली येतात आणि त्यातील बऱ्याच भंगारात जातात. अशा वेळी पणजोबांच्या काळातील एखादी पितळी दुर्बीण हाती लागली, तर भंगारवाला भाव सांगेल तो पितळेचा. दुर्बिणीचे खरे मोल मात्र तिच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या भिंगात असते. ते भिंग कोणी घडवले, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही.

नळीवरचे नाव पुरेसे का नाही?

एका दुर्बिणीमागे तीन-चार हात असू शकतात. काच ओतणारा एक, ती घासून भिंग करणारा दुसरा, नळी आणि बैठक बनवणारा तिसरा आणि विकणारा चौथा. एकोणिसाव्या शतकात अनेक दुकानदार दुसऱ्याने घडवलेल्या दुर्बिणीवर स्वत:चे नाव कोरून घेत. त्यामुळे नळीवरचे नाव विक्रेत्याचे असण्याची शक्यता नेहमी गृहीत धरावी लागते.

बनावट नावांचाही प्रश्न आहे. लंडनच्या जॉन डॉलंड यांना रंगदोष कमी करणाऱ्या जोडभिंगाचे पेटंट १७५८ मध्ये मिळाले आणि पुढे ‘डॉलंड’ हे नाव म्हणजे उत्तम दुर्बीण असे समीकरण झाले. त्याचा फायदा घेत नावातील एखादे अक्षर बदलून नकली दुर्बिणी विकल्या गेल्या. म्हणूनच कोरीव नावाचे स्पेलिंग अक्षर अक्षर तपासावे लागते.

महाराष्ट्रातील उदाहरण कोणते?

बॉम्बे इंजिनीअर्समधील अधिकारी विल्यम स्टीफन जेकब यांनी १८४२ मध्ये पुण्यात खासगी वेधशाळा उभारली. त्यांच्याकडे डॉलंडची पाच फुटी दुर्बीण होती. १८४५ ते १८४८ या काळात पुण्यातून घेतलेल्या वेधांवर त्यांनी २४४ जोडताऱ्यांची सूची तयार केली. नंतर ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. तेथे १८५० मध्ये पॅरिसच्या ‘लेरबूर आणि सेक्रेतां’ या कंपनीची सुमारे सहा इंची दुर्बीण बसवण्यात आली. निवृत्तीनंतर पुण्याजवळच्या डोंगरावर सुमारे ५००० फूट उंचीवर वेधशाळा उभारण्याची त्यांची योजना होती. ब्रिटिश संसदेने त्यासाठी १००० पौंड मंजूर केले. लेरबूरची नऊ इंची दुर्बीण जेकब यांनी स्वत:च्या पैशाने घेतली होती. ८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबईत उतरले आणि १६ ऑगस्टला पुण्यात त्यांचे निधन झाले. ती वेधशाळा झालीच नाही.

या नोंदीतला ‘लेरबूर’ हा शब्द सावधपणे वाचावा लागतो. मार्क सेक्रेतां भागीदार झाले १८४५ मध्ये आणि नोएल पेमाल लेरबूर हे १८५५ च्या सुमारास व्यवसायातून बाहेर पडले. तरीही जुने नाव बाजारात चालत राहिले. म्हणजे जोडनाव कोरलेले असेल तर वस्तू १८४५ नंतरची, एवढे नक्की म्हणता येते. ती १८५५ पूर्वीचीच आहे, असे मात्र म्हणता येत नाही.

मद्रासच्या त्या दुर्बिणीचा पुढचा प्रवासही बोलका आहे. १८९८ मध्ये ग्रब या आयरिश कंपनीने तिची फेररचना केली आणि ती कोडाईकनालला सूर्याची छायाचित्रे घेण्यासाठी वापरली गेली. एका उपकरणाच्या इतिहासात पॅरिस आणि डब्लिन अशी दोन नावे आली. केवळ बैठक पाहणारा माणूस अशा ठिकाणी सहज चुकतो.

भिंगाची रचना काय सांगते?

जुन्या दुर्बिणीचे वस्तुभिंग बहुधा दोन काचांचे असते. एक हलक्या क्राऊन काचेचे बहिर्गोल भिंग आणि दुसरे जड फ्लिंट काचेचे अंतर्गोल भिंग. या दोघांचा क्रम आणि वक्रता हीच कारागिराची सही. जर्मनीच्या फ्राउनहोफर यांच्या रचनेत क्राऊन पुढे असते आणि दोन काचांमध्ये अगदी अरुंद फट असते. म्युनिकच्या स्टाइनहाइल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत फ्लिंट पुढे असते. क्राऊनच्या दोन्ही बाजू सारख्याच फुगीर आणि फ्लिंटची मागची बाजू सपाट किंवा जवळपास सपाट असेल, तर ती लिट्रो पद्धत. अमेरिकेच्या अल्वन क्लार्क यांच्या कारखान्यातील अनेक भिंगे याच्या जवळ जातात.

मात्र एका कारागिराची रचना दुसरेही वापरत. त्यामुळे रचनेवरून संशयितांची यादी लहान होते, निकाल लागत नाही.

घरच्या घरी कोणती तपासणी करता येते?

भिंग न उघडता अंधाऱ्या खोलीत त्याच्यासमोर छोटा दिवा धरावा आणि आत दिसणारी प्रतिबिंबे मोजावीत. चार स्पष्ट प्रतिबिंबे दिसली तर दोन काचांमध्ये हवा आहे. दोन ठळक आणि एक अगदी अंधूक दिसले तर काचा चिकटवलेल्या आहेत. दिवा हलवल्यावर कोणते प्रतिबिंब त्याच दिशेने सरकते आणि कोणते उलट, यावरून पृष्ठभाग फुगीर आहे की खोल, याचा अंदाज येतो.

वक्रतेचा नेमका आकडा हवा असेल तर विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असणारे स्फेरोमीटर उपयोगी पडते. त्याच्या टोकांनी काचेवर ओरखडा उठू शकतो, म्हणून ते काम सवयीच्या हातांनीच व्हावे. भिंगाच्या कडेवर पेन्सिलने लिहिलेले क्रमांक, सही किंवा दोन्ही काचांवरून जाणारी बाणासारखी खूण हा सर्वांत भक्कम पुरावा असतो. पण कडा पाहायची तर भिंग चौकटीतून काढावे लागते.

माप आणि काच यांचा उपयोग काय?

माप हा साधा पण बोलका धागा आहे. ब्रिटिश इंच २५.४ मिलिमीटरचा, तर जुना पॅरिस इंच सुमारे २७.०७ मिलिमीटरचा. सहा इंची भिंग ब्रिटिश मापाने सुमारे १५२ मिलिमीटर भरते, पॅरिसच्या जुन्या मापाने १६२. चौकटीच्या आट्यांचे अंतर इंचांत जुळते की मिलिमीटरमध्ये, हेही पाहतात.

काच मात्र फसवू शकते. चांगली प्रकाशीय काच मोजक्याच ठिकाणी बनत असे. बर्मिंगहॅमची चान्स ब्रदर्स, पॅरिसचे कारखाने आणि १८८४ नंतर जर्मनीतील येना येथील शॉट. क्लार्क यांनीही युरोपातून काच मागवली होती. त्यामुळे काच फ्रेंच म्हणून कारागीर फ्रेंच, असा निष्कर्ष काढता येत नाही. आतील बारीक बुडबुडे पाहून भिंग टाकाऊ ठरवणेही चूक. उत्तम जुन्या भिंगांतही ते आढळतात.

ओळख पटवून साधते काय?

बाजारभाव हा एक भाग. त्याहून मोठा भाग इतिहासाचा. जेकब यांनी १८५५ मध्ये ‘७० ऑफियुकी’ या जोडताऱ्याच्या कक्षेतील विसंगती दाखवून तेथे ग्रहासारखी वस्तू असण्याची दाट शक्यता वर्तवली होती. सूर्यमालेबाहेरील ग्रहाच्या सर्वांत जुन्या दाव्यांपैकी हा एक. पुढे तो टिकला नाही. अशा दाव्यांचे मोल ठरवताना वेध कोणत्या भिंगातून घेतले आणि ते किती अचूक होते, हे पाहावे लागते. भिंगाची ओळख हरवली की नोंदवहीतील आकड्यांचा एक साक्षीदारही हरवतो.

कोणती काळजी घ्यावी?

पितळ चकचकीत करण्याच्या नादात मूळ लाखेचा थर आणि पुसट कोरीव अक्षरे जातात, म्हणून ब्रासो लावू नये. भिंग उघडण्याआधी छायाचित्रे घ्यावीत आणि काचांच्या कडेवर पेन्सिलीने खूण करावी. एक काच उलटी बसली तरी प्रतिमा बिघडते आणि पुढच्या तपासणाऱ्याची दिशाभूल होते. काचांमधले पातळ पत्र्याचे तुकडे कचरा समजून फेकू नयेत. ते ठरावीक फट राखण्यासाठीच असतात. जुन्या दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये.

नाव, माप, प्रतिबिंबे, कडेवरच्या खुणा आणि घरातील कागदपत्रे, पावत्या, जुनी पेटी हे सारे एकत्र ठेवून अनुभवी निरीक्षकाला दाखवावे. यातील किमान तीन गोष्टी एकाच कारागिराकडे बोट दाखवत असतील, तरच नाव घ्यावे. तोपर्यंत चिठ्ठीवर ‘कारागीर अनिश्चित’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक. आणि इमारत रिकामी करण्याची घाई असली, तरी पितळेच्या भावाने सौदा करण्याआधी एकदा दिवा लावून प्रतिबिंबे मोजायला हरकत नाही.